सोप्या जपानी बातम्या वाचून वाचन खरंच सुधारतं का? (एन३ दोन गुणांनी हुकलेल्याचा प्रश्न)

वेर्णा_शिफ्ट | रविवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे जपानी शिकणारे चारपाच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय.

डिसेंबरात पुण्याला जाऊन जेएलपीटीची (जपानी भाषेची परीक्षा; एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात अवघड) एन३ दिली. १८० पैकी १०१ मिळाले. पास व्हायला ९५ पुरतात, म्हणजे पेढे वाटायला हरकत नव्हती. पण प्रत्येक भागात ६० पैकी १९ तरी लागतात आणि वाचनात मला पडले १७. दोन गुणांवर गाडी अडली. ऐकण्यात चांगले होते हो, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

आता खरी गोष्ट. परीक्षेआधी आठ महिने मी रोज एनएचकेच्या (जपानची सार्वजनिक वाहिनी) सोप्या बातम्या वाचत होतो. म्हापशाहून वेर्ण्याला कंपनीची बस, त्यात पर्वरीला हमखास अडकायचं, तेवढ्यात दोन बातम्या सहज होतात. वाचून कळायच्याही. एकही दिवस चुकवला नाही. आणि परीक्षेत उतारा समोर आला तर वाचायची गती बैलगाडीची. व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटं असतात, शेवटचे दोन उतारे मी नुसते गोल काळे करून सोडले.

मग त्या आठ महिन्यांत मी केलं तरी काय? पद्धत चुकली की साधनच चुकीचं?

काजूबोंडू | रविवार, रात्री ११.४८

दादा, आधी वाईट वाटलं ते सांगते. आता अडाणी प्रश्न. सोपी बातमी म्हणजे नेमकं काय? लहान मुलांचा पेपर असतो तसं? मी एन५ च्या तयारीत आहे, काताकाना (परक्या शब्दांची लिपी) अजून चुकतं. भाऊ केअरगिव्हरच्या कामासाठी जपानला जायचं म्हणतोय, त्याच्यासोबत मीही बसते अभ्यासाला.

फोंड्याची_सेन्सेई | सोमवार, सकाळी ७.०५

काजूबोंडू, अडाणी कसला, बरोबर प्रश्न आहे. शाळेला जायचंय, पण हे लिहून जाते.

१७ जानेवारी १९९५ ला कोबे भागात मोठा भूकंप झाला, ६,४०० च्या वर माणसं गेली. तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांपर्यंत सूचना पोचल्या, पण त्या कळल्या नाहीत. 'हिनान' करा म्हणजे काय करा? म्हणजे सुरक्षित जागी जा, पण रोजच्या बोलण्यात हा शब्द येत नाही. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातल्या भाषातज्ज्ञांनी 'यासाशी निहोंगो', म्हणजे सोपी जपानी, हा विषय लावून धरला. 'ताकादाई ए हिनान' ऐवजी 'ताकाई तोकोरो ए निगेते कुदासाई', उंच जागी पळा. १ जानेवारी २०२४ ला नोतोचा भूकंप झाला तेव्हा टीव्हीच्या पडद्यावर मोठ्या हिरागानात (साध्या उच्चारी लिपीत) 'निगेते' असं झळकत होतं, आठवत असेल.

एनएचकेने याच धर्तीवर २०१२ मध्ये सोप्या बातम्या सुरू केल्या. बातमीदार आणि जपानीचे शिक्षक एकत्र बसून मूळ बातमी सोपी करतात. वाक्यं छोटी, प्रत्येक कांजीच्या (चिनी चित्राक्षराच्या) डोक्यावर फुरिगाना, म्हणजे बारीक अक्षरांत तिचा उच्चार, अवघड शब्दाचा अर्थ सोप्या जपानीत, माणसांची आणि गावांची नावं वेगळ्या रंगात, शिवाय वाचून दाखवायची सोय. पातळी साधारण एन४ ची. म्हणजे मुलांचा पेपर नाही. मुलांचे पेपर निराळे आहेत, 'माइनिची शोगाकुसेइ शिम्बुन' तर १९३६ पासून निघतो. पण जपानी मुलाला भाषा येत असते, फक्त कांजी येत नसते. आपलं उलटंसुलटं सगळंच. तेव्हा मुलांचा पेपर नवख्याला सोपा जात नाही, हे लक्षात ठेव.

वेर्णा_शिफ्ट, तुमच्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते. तोवर एकच विचारते. वाचताना फुरिगाना चालू होता की बंद?

वेर्णा_शिफ्ट | सोमवार, दुपारी १.१५

चालू. बंद करता येतो हेच मला सहाव्या महिन्यात कळलं, आणि कळल्यावर एक दिवस बंद करून घाबरून परत चालू केला.

आता तुम्ही विचारल्यावर ट्यूब पेटतेय. मी कांजी वाचतच नव्हतो. डोक्यावरच्या त्या बारीक मुंग्या वाचत होतो. परीक्षेत मुंग्या नव्हत्या.

घुमट | सोमवार, दुपारी ३.३०

कडू बोलतो, राग मानू नका. बारा वर्षं जपानी भाषांतरावर पोट आहे. सोप्या बातम्या म्हणजे तळ्यातलं पोहणं. छाती बुडेल एवढं पाणी, खाली पाय टेकतात, माणसाला वाटतं आपण पोहतो. समुद्रात उतरल्यावर कळतं.

खरी जपानी तुम्हाला कुठे लागणार? कंपनीच्या मेलमध्ये. तिथली पहिलीच ओळ 'ओसेवा नी नात्ते ओरिमासु', म्हणजे धंद्यातला अदबीचा नमस्कार. हे सोप्या बातमीत शंभर वर्षांत येणार नाही. वर्तमानपत्र उघडा, वाक्याच्या शेवटचं अदबीचं 'मासु' गायब, सगळं रोखठोक 'दा' आणि 'देआरु'. मथळ्यात क्रियापदच नसतं. 'नेआगे ए' एवढंच लिहितात, शब्दशः 'भाववाढीकडे', म्हणजे भाव वाढणार. सोप्या बातमीचा मथळासुद्धा अख्खं वाक्य असतो, मग ही सवय लागणार कधी?

माझं मत: एन४ झालं की सोप्या बातम्या बंद. सरळ मूळ बातमी. दिवसाला तीन ओळी झाल्या तरी चालतील.

काजूबोंडू | सोमवार, दुपारी ४.०२

घुमटकाका, तळ्यात न शिकता समुद्रात उतरलेले पण बघितलेत आम्ही. कळंगुटला जीवरक्षक उगाच नाहीत ठेवलेले 😄

फोंड्याची_सेन्सेई | सोमवार, रात्री ९.४०

काजूबोंडूला +१.

घुमट, तुमचं निदान अर्धं पटतं, औषध पटत नाही. तीन ओळी दिवसाला म्हणजे वाचन नव्हे, ते उत्खनन. गती हवी असेल तर पुष्कळ आणि सोपं वाचावंच लागतं. 'तादोकु' म्हणतात त्या पद्धतीचे नियमच असे आहेत: सोप्यापासून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, अडलं ते सोडून पुढे जा, जमेना तर पुस्तक बदला.

पण वेर्णा_शिफ्ट यांचं दुखणं वेगळं. त्यांनी एकच बातमी एकदाच वाचली आणि पुढे गेले. माझ्या मते सोपी बातमी एकटी वाचायचीच नसते. ती जोडीने वाचायची. आधी सोपी, मग त्याच विषयाची मूळ. मधली दरी असते ना, अभ्यास तिथे होतो.

एक नमुना दाखवते. पावसाळ्यात तिकडच्या मूळ बातम्यांत हे वाक्य ठरलेलं असतं:

'किशोचो वा, दोशा-साइगाइ नी गेंजू नी केइकाई सुरु यो योबिकाकेते इमासु.'

तेच सोपं करून लिहिलं तर असं होईल:

'किशोचो वा, यामा या गाके गा कुझुरेरु किकेन गा आरु नोदे, कि ओ त्सुकेते कुदासाई, तो इत्ते इमासु.'

आता दुसरं वाक्य शब्दाखाली शब्द ठेवून मराठीत उतरवा. 'हवामान खातं, डोंगर किंवा कडे कोसळण्याचा धोका आहे म्हणून, जपून राहा, असं सांगतंय.' एक शब्द जागचा हलला नाही. 'नोदे'च्या जागी 'म्हणून', 'तो'च्या जागी 'असं', क्रियापद शेवटी. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य शेपटीकडून उलगडावं लागतं. तुम्ही मनात इंग्रजीत भाषांतर करत असाल तर आजच बंद करा, पर्वरीपेक्षा मोठा ट्रॅफिक तिथेच होतो.

आणि घरात कोंकणी असेल तर आणखी मजा. 'हांव येतां म्हण ताणें सांगलें' यातलं 'म्हण' म्हणजे हुबेहूब जपानी 'तो'. कोणी काय म्हणालं ते आधी, मग 'म्हण', मग सांगलें. बातम्यांत पानोपानी हेच असतं. ऐकीव गोष्टीचं 'सो देसु' तर आपल्या 'म्हणे'ची सख्खी बहीण. पाऊस पडला म्हणे. आमे गा फुत्ता सो देसु.

मग पहिलं वाक्य अवघड का? व्याकरण काही वेगळं नाही, शब्दांची जात बदलली आहे. 'यामा', 'गाके', 'कुझुरेरु' हे घरचे जपानी शब्द. 'दोशा-साइगाइ', 'गेंजू', 'केइकाई' हे चिनी वळणाचे, दोन-दोन कांजी जोडून केलेले. आपल्याकडे तत्सम असतात तसे. आई म्हणते 'लाईट गेली'. पेपर म्हणतो 'विद्युतपुरवठा खंडित'. तसंच 'देंकी गा तोमारिमाशिता' आणि 'तेइदेन'. नळाला पाणी नाही: 'मिझु गा देमासेन', आणि पेपरात 'दान्सुई'. आपल्या पेपरात दरड कोसळते तिथे सरकारी पत्रकात भूस्खलन होतं, तसलीच गंमत.

म्हणून वहीत दोन रकाने करा. डावीकडे सोपा शब्द, उजवीकडे त्याच गोष्टीचा पेपरी शब्द. परीक्षेच्या उताऱ्यात उजवीकडचे बरेच भेटतात.

जुनें_गोंय | सोमवार, रात्री १०.२५

अवांतर, पण राहवत नाही. गोंयात जपानी शिकणारे आपण पहिले नव्हे आणि जपानीनेही गोंय आधीच पाहिलंय. कागोशिमाचा आंजिरो नावाचा माणूस १५४८ मध्ये इथेच, ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकत होता, बाप्तिस्माही इथेच घेतला. त्यालाच दुभाष्या करून फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरले. जपानी त्यांना 'झाबिएरु' म्हणतात. पुढच्या वेळी काताकानात हा शब्द दिसला तर दचकू नका.

आणि सकाळी पोदेराच्या टोपलीतून घेतो तो पाव आणि जपानी बेकरीतला 'पान', दोन्हीचं मूळ एकच पोर्तुगीज 'पांव'. काताकाना चुकतं म्हणणाऱ्या काजूबोंडूने तिथून सुरुवात करावी.

घुमट | सोमवार, रात्री १०.५१

आंजिरोला फुरिगाना नव्हता.

काजूबोंडू | सोमवार, रात्री १०.५३

झेवियरलाही नव्हता काका, म्हणून तर आंजिरो न्यावा लागला.

व्यवस्थापक | मंगळवार, सकाळी ८.००

पाव चविष्ट आहे, पण इतिहासासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती.

बोटीवरचा | मंगळवार, रात्री २.१०

बोटीवर आहे, नेट कधी असतं कधी नाही, म्हणून उशिरा. माझी पद्धत सांगतो, कोणाला उपयोग झाला तर झाला. बंदरात नेट मिळालं की आठदहा सोप्या बातम्या आवाजासकट उतरवून घेतो. आधी दोनदा फक्त ऐकतो, मजकूर बघत नाही. मग फुरिगाना बंद करून वाचतो. कानात शब्द बसलेला असतो, त्यामुळे कांजी दिसली की उच्चार आपसूक येतो. अडलं तरच फुरिगाना. उलट क्रमाने केलं तेव्हा माझंही वेर्णा_शिफ्ट यांच्यासारखंच झालं होतं.

दुसरं, आकडे. कोणी बोललं नाही म्हणून. जपानी लोक दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी मोजतात, 'मान'. १० मान म्हणजे आपला १ लाख, १,००० मान म्हणजे १ कोटी, आणि १ 'ओकु' म्हणजे १० कोटी. जपानची लोकसंख्या साधारण 'इची-ओकु निसेन-मान', म्हणजे सरळ १२ कोटी. सोबतचे फिलिपिनो पोरगे मिलियनमध्ये घालून शून्यं मोजत बसतात. आपण लाख-कोटीत उडी मारली की झालं.

सालं पण तशीच. रेवा ७ (आताच्या सम्राटाच्या कारकिर्दीचं साल) दिसलं की २०१८ मिळवायचे, २०२५. शकात ७८ मिळवतो तसं. आज्जीचं पंचांग उगाच बघितलं नाही.

वेर्णा_शिफ्ट | मंगळवार, सायंकाळी ६.४५

सगळ्यांचे आभार. बोटीवरचा, ऐकण्यात मला बरे गुण आहेत, तेव्हा तुमचा क्रम मला सोयीचा. सेन्सेई, दोन रकान्यांची वही आजपासून.

एक अडचण राहते. नावं. सोप्या बातमीत रंगीत असतात म्हणून कळतात, मूळ बातमीत गाव कुठे संपलं आणि पुढचा शब्द कुठे सुरू झाला तेच समजत नाही. त्यात एकाच कांजीचे दहा उच्चार.

फोंड्याची_सेन्सेई | मंगळवार, रात्री ९.१५

देवाची कांजी घ्या. एकटी असली की 'कामी'. देवळाच्या 'जिंजा'त तिचाच 'जिन' होतो. कोबे शहरात ती 'को', कानागावात 'काना'. नियम शोधू नका, नाव म्हणून पाठ करा. रोमी लिपीतलं 'बिचोलिम' वाचून परक्या माणसाला डिचोली आठवेल का? 'सांकेलिम' वाचून साखळी? तो बिचारा बसस्टँडवर उभाच राहतो. आपण त्यांच्या देशात तसेच उभे आहोत.

तरी जपानच्या ४७ प्रीफेक्चरांची (प्रांतांची) नावं भिंतीवर लावा. नकाशासकट. बातमीतली निम्मी अडगळ तिथेच संपते, कारण बातमी कुठली ते पहिल्या ओळीत असतंच.

घुमट | मंगळवार, रात्री ११.३०

जोडीने वाचण्याला माझी ना नाही. तेवढं मागे घेतो. पण एक भर घाला. रोज वेगळा विषय घेऊ नका. आज अस्वल, उद्या ऑलिंपिक, परवा बुलेट ट्रेन. नवा शब्द एकदा भेटतो आणि निघून जातो, पाहुण्यासारखा. एक विषय धरा आणि महिनाभर त्याच्या मागे लागा.

२०२५ मध्ये तिकडे तांदूळ महाग झाला, ५ किलोला ४,००० येनच्या वर गेला, सरकारने राखीव साठ्यातला तांदूळ बाजारात आणला. 'बिचिकुमाई' हा शब्द तोवर माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही माहीत नव्हता. तीन आठवडे फक्त तांदूळ वाचायला लावला. भाव, साठा, लिलाव, शेतकरी, दुकानाबाहेरची रांग, तेच तीसचाळीस शब्द फिरून फिरून येतात. चौथ्या आठवड्यात पोरं मूळ बातमी फुरिगानाशिवाय वाचत होती. अडखळत, पण वाचत होती.

हो, विद्यार्थी आहेत मला. दोनच. आणि त्यांना सुरुवातीला सोप्या बातम्याच देतो. कोणाला सांगू नका.

काजूबोंडू | बुधवार, सकाळी ६.५०

घुमटकाका 😄😄 सापडलात.

मी मासळी धरते. जपानी मासळीच्या बातम्या भरपूर असतात. उन्हाळ्यात उनागी, शरदात सान्मा किती मिळाला, किती महाग झाला. आपली १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी आणि पहिल्या ट्रॉलरची वाट बघणं चालू असतं तेव्हा घरी बोलायलाही विषय. 'साबा' म्हणजे बांगड्याचा चुलत भाऊ, एवढं कळलंय.

वेर्णा_शिफ्ट | रविवार, रात्री १०.३५

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय, माफी.

मी पावसाचा विषय धरला. एकतर इथे जून, एकतर तिकडे 'त्सुयु', म्हणजे त्यांचा पावसाळा. सकाळी बसमध्ये सोपी बातमी दोनदा ऐकतो, मग फुरिगाना बंद करून वाचतो, येताना त्याच विषयाची मूळ बातमी. पहिला आठवडा वाईट गेला. मूळ बातमीची पहिली ओळ वाचेपर्यंत झुआरीचा पूल यायचा. पहिल्या ओळीतच गाव, तारीख, खातं, पाऊस किती मिलिमीटर, सगळं कोंबलेलं. मग लक्षात आलं, आपल्या पेपरातही असंच असतं, 'काल रात्री उशिरा झालेल्या मुसळधार पावसामुळे चोर्ला घाटात पडलेली दरड हटवण्याचे काम'. हे मी श्वास न घेता वाचतो. 'पडलेली दरड', 'कुझुरेता गाके'. नामाच्या आधी अख्खी गोष्ट सांगून टाकायची दोघांचीही खोड सारखीच. तेव्हापासून लांब वाक्याची भीती गेली. नाम सापडेपर्यंत वाचत जायचं, थांबायचं नाही.

वहीत डावीकडे-उजवीकडे मिळून १४० जोड्या झाल्यात. काल मोजल्या. 'हिनान शिजी' आता मुंग्यांशिवाय ओळखतो. सेन्सेई, एक विचारायचं होतं. जुन्या बातम्यांत 'हिनान कान्कोकु' पण दिसतं. दोन्हींत फरक काय? शब्दकोशात एक आदेश, एक शिफारस एवढंच.

फोंड्याची_सेन्सेई | सोमवार, सकाळी ७.१०

आता फरक उरलाच नाही. शिफारस आणि आदेश यात लोक गोंधळायचे, शिफारस आली की म्हणायचे थांबू अजून. म्हणून मे २०२१ मध्ये 'कान्कोकु' काढून टाकलं आणि फक्त 'शिजी' ठेवलं. पाच पायऱ्यांच्या इशाऱ्यात चौथी पायरी. शिजी आली की निघायचं. 'कान्कोकु' दिसलं तर बातमी जुनी आहे असं समजा आणि वहीत त्याच्यापुढे साल टाकून ठेवा.

जुलैची परीक्षा देताय ना? फॉर्म भरलात?

वेर्णा_शिफ्ट | सोमवार, दुपारी १.०५

भरला. पुण्याचं तिकीटही काढलंय. वाचनात १९ हवेत, २० चालतील.